'क्लोज टू द एज' ऐकून अभिप्राय कसा लिहावा

येस या ब्रिटिश रॉक बँडचा 'क्लोज टू द एज' हा अल्बम सप्टेंबर १९७२ मध्ये आला. तीनच रचना, एकूण जेमतेम ३८ मिनिटं. श्रोते त्याच्याबद्दल भरभरून लिहितात, पण त्यातलं बरंचसं 'अफाट' किंवा 'डोक्यावरून गेलं' यापुढे सरकत नाही. दोन्ही मतं प्रामाणिक असतात, फक्त वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अभिप्राय कामाचा व्हायचा तर कोणती आवृत्ती ऐकली आणि कितव्या मिनिटाला कोणत्या वाद्याने काय केलं, हे त्यात आलंच पाहिजे.

आधी आवृत्ती बघा

१९७२चं मूळ मिक्स (म्हणजे वाद्यांच्या आवाजांची एकमेकांशी केलेली जुळवणी), २००३चं रीमास्टर आणि स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने केलेलं, २०१३ मध्ये आलेलं रीमिक्स, या तिन्हींत गल्लत होते. रीमास्टरमध्ये मिक्स जुनंच असतं. आवाजाची पातळी आणि पोत तेवढा बदलतो. रीमिक्समध्ये मूळ मल्टिट्रॅक टेपवरून (जिच्यावर वाद्यं वेगवेगळी नोंदलेली असतात) प्रत्येक वाद्य नव्याने मांडलेलं असतं. त्यामुळे 'ऑर्गन दबलाय' ही तक्रार एका आवृत्तीबद्दल खरी आणि दुसरीबद्दल चुकीची ठरू शकते. ॲपवर ऐकत असाल तर नावापुढे काय लिहिलंय ते वाचा आणि अभिप्रायाच्या पहिल्याच ओळीत नोंदवा.

'येससाँग्ज' या १९७३च्या लाइव्ह अल्बममध्येही या तिन्ही रचना आहेत, पण तिथे ड्रम्सवर ॲलन व्हाइट आहे. स्टुडिओ अल्बमवर वाजवणारा बिल ब्रूफर्ड रेकॉर्डिंग संपताच किंग क्रिम्झन या बँडमध्ये गेला. लाइव्ह ऐकून 'ब्रूफर्ड इथे जड वाजवतो' असं लिहिलं की जाणकार वाचक तिथेच थांबतो.

सेटिंग

शफल आणि इक्वलायझर बंद ठेवा. क्रॉसफेडही (एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर सुरू करणारी सोय) आठवणीने बंद करा. पहिली रचना पक्ष्यांच्या आणि पाण्याच्या आवाजात हळूहळू विरते. क्रॉसफेड चालू असेल तर त्यावर पुढच्या रचनेची गिटार चढते आणि शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो. असा आक्षेप कुणी घेतला असेल तर आधी हे तपासा.

आवाज सुरुवातीवरून लावू नका. पहिलं जवळपास मिनिटभर अगदी बारीक आवाज आहेत आणि मग अख्खा बँड एकदम तुटून पडतो. पक्षी नीट ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला असेल तर तो भाग नुसता गोंगाट वाटतो. चौथ्या मिनिटाच्या आसपासचा गायनाचा तुकडा वाजवून आवाज ठरवा, मग सुरुवातीला या आणि शेवटपर्यंत हात लावू नका. दोन आवृत्त्या ताडून बघताना हाच तुकडा दोन्हींत सारख्याच मोठ्या आवाजात लावा. जी जरा मोठ्याने वाजते ती कानाला चांगली वाटतेच, मग मिक्स कसंही असो.

फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून बासबद्दल मत देऊ नका. या अल्बमवर ख्रिस स्क्वायर रिकनबॅकर कंपनीची बास गिटार पिकने वाजवतो, त्याला वरचा खणखणीत स्वर भरपूर असतो. छोट्या स्पीकरवर तेवढाच उरतो आणि बास पातळ वाटतो. साधे, वायरचे हेडफोनही पुरतात.

ऐकायचं कसं

पहिल्या वेळी काही लिहू नका. पहिली रचना, म्हणजे शीर्षकरचना, १८ मिनिटं ४३ सेकंदांची आहे. ती संपली की पाच मिनिटं थांबा. एलपीवर इथे बाजू उलटावी लागायची. तो विराम सोडला तर दुसऱ्या बाजूची नाजूक सुरुवात थकल्या कानांवर पडते आणि 'दुसरी बाजू फिकी' असं मत तयार होतं.

दुसऱ्या वेळी कागद घ्या आणि डावीकडे वेळ लिहीत जा. शीर्षकरचनेचे चार भाग आहेत, ढोबळ खुणा ६, साडेआठ आणि १४ मिनिटांवर. पहिल्या भागात दोन मिनिटांच्या सुमारास सगळं वाजणं थबकून फक्त कंठांचा आघात येतो, ती जागा पकडा. सहाव्या मिनिटानंतर गाण्याची चाल ओळखीचीच असते, पण खाली बास आणि ड्रम्सचा ठेका तुटक झालेला असतो. 'तेच तेच वाजतंय' म्हणणाऱ्यांच्या कानातून नेमकं हेच निसटतं. तेवढा भाग फक्त बास धरून पुन्हा ऐका.

साडेआठनंतर लय जवळजवळ नाहीशी होते आणि एकात एक गुंफलेले आवाज येतात. मग चर्चचा खरा पाइप ऑर्गन उभा राहतो. तो लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये रेकॉर्ड केलेला आहे, म्हणून त्याच्याभोवतीची जागा बाकीच्या ध्वनीपेक्षा वेगळी ऐकू येते. कीबोर्ड वाजवणारा रिक वेकमन नुसता कसरती करतो असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे तो किती कमी सूर वाजवतो ते बघावं. पुढे चौदाव्या मिनिटानंतर हॅमंड या इलेक्ट्रिक ऑर्गनवरचा धावता सोलो आहेच. तो जास्त झाला असं मत असेल तर ते त्या सोलोपुरतं लिहा.

'अँड यू अँड आय'ची सुरुवात स्टीव्ह हाउच्या बारातारी गिटारवरच्या हार्मोनिक्सने (तारेला हलका स्पर्श करून काढलेल्या घंटेसारख्या सुरांनी) होते. मोठा भाग उलगडतो तेव्हा त्याची स्टील गिटार आणि वेकमनचा मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) एकमेकांत मिसळतात; कोणता सूर कुणाचा हे वेगळं काढता आलं तर नोंद करा. 'सायबेरियन खाट्रू'चा मुख्य तुकडा आठ आणि सात मात्रा असा मोजून बघा. चारच्या हिशेबाने टाळी दिली की ती घसरते, आणि मग 'बेताल' असा शेरा पडतो. याच रचनेतला हार्पसिकॉर्ड या जुन्या कीबोर्ड वाद्याचा छोटा सोलो आणि इलेक्ट्रिक सितार वगळून केलेलं वर्णन अपुरंच.

लिहिताना

निदान एक दिवस जाऊ द्या, तिसऱ्यांदा ऐका आणि मग १५० ते २०० शब्द लिहा. 'ड्रम्स जबरदस्त' याऐवजी असं लिहा: 'सहाव्या मिनिटानंतर स्नेअर ड्रमचा ठोका अपेक्षित जागी पडत नाही, त्यामुळे चाल तीच असूनही तोल सुटल्यासारखा वाटतो, आणि मला ते आवडलं.' न आवडलेलंही असंच नेमकं मांडा. 'आवडलं नाही' लिहायला संकोच करू नका.

शब्दांबद्दल जपून लिहा. गायक जॉन अँडरसनच्या ओळींत सरळ कथा सापडत नाही. त्यामागे हरमान हेसेच्या 'सिद्धार्थ' कादंबरीची प्रेरणा आहे, पण अँडरसन शब्द बऱ्याचदा नादासाठी निवडतो. 'अर्थ लागत नाही' हे निरीक्षण बरोबर आहे. त्यासाठी गुण कापायचे असतील तर शब्द गाताना कानाला कसे लागतात हेही सांगा.

तारे शेवटी द्या, तेही तिन्ही रचनांना वेगवेगळे. एकाच आकड्यात १८ मिनिटांची रचना बाकी दोघींना झाकून टाकते. 'अँड यू अँड आय'वर हा अन्याय सर्वांत जास्त होतो. माझ्या मते अल्बममधली सर्वांत घट्ट बांधलेली रचना तीच आहे.