दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं? आधी नेमकं काय गेलंय ते बघा

गेल्या आठवड्यात एक काकू पिशवीत मिक्सर घेऊन दुकानात आल्या. "जावई म्हणतोय मोटर जळली, नवीनच घ्या. ताई, तुम्ही एकदा बघा, नाहीतर भंगारात देते." मिक्सर उलटा करून तळाचे स्क्रू काढले. मोटरच्या तारांवरच्या जळक्या व्हार्निशचा वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही, आणि तो इथे अजिबात नव्हता. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश बाहेर काढले तर दोन्ही झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढे उरलेले. आर्मेचरवरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरचा, ब्रश जिथे टेकतात तो तांब्याचा कॉम्युटेटर काळा पडला होता, तो बारीक पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केला आणि नवे ब्रश बसवले. ब्रशची जोडी ६० रुपये, मजुरी १०० रुपये. जावयांनी पाहून ठेवलेला मिक्सर साडेतीन हजारांचा होता.

सांगलीत मारुती चौकाजवळ आमचं वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमध्ये तारेचे वेढे भरायचं, आणि दुरुस्तीचं दुकान आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुरू केलं. सतराव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली कॉइल भरायला बसले, त्याला आता ३१ वर्षं झाली. दुकान दुरुस्तीचं असलं तरी रोज दोन-तीन गिऱ्हाइकांना मी "ह्याच्यावर आता पैसे घालू नका" म्हणून परत पाठवते. ते मी कशावरून ठरवते, ते इथे सांगते.

लोक आल्या आल्या दोन प्रश्न विचारतात: किती वर्षं चालेल, आणि खर्च किती? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण ते नंतरचे. आधी नेमकं काय गेलंय ते कळलं पाहिजे. प्रत्येक यंत्रात काही भाग झिजण्यासाठीच दिलेले असतात: ब्रश, कपलर, बेअरिंग, बेल्ट, रबर, कपॅसिटर. ते गेले म्हणजे यंत्र म्हातारं झालं असं नाही. आणि प्रत्येक यंत्राचा एक सांगाडा असतो: गीझरची टाकी, फ्रिजचं कॅबिनेट, टीव्हीचा पॅनल. चपलेचा अंगठा तुटला तर आपण शिवून घेतो, तळच फाटला तर शिवत बसत नाही. तसंच हे.

मिक्सरपासूनच सुरुवात करा. एकदम बंद पडला तर आधी तळाशी असलेलं छोटं बटण दाबून बघा, बहुतेक ते लाल असतं. जास्त भार पडला की ओव्हरलोड, म्हणजे मोटर वाचवणारा स्विच, उडतो आणि मिक्सर मेल्यासारखा वाटतो. पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, बटण दाबा, निम्म्या वेळा तिथेच काम होतं. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणाऱ्या कपलरचे दात गेले. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. भांड्यात काही अडकलं तर आधी तो तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. भांड्याखालून काळं पाणी गळत असेल तर जारचा बुश आणि सील गेलंय. तसंच वापरत राहिलात तर ते पाणी मोटरमध्ये उतरतं आणि ५० रुपयांचं काम हजारावर जातं. आर्मेचर खरोखर जळलं असेल, तर मिक्सर चांगल्या वजनाचा, तांब्याच्या वाइंडिंगचा आहे का ते बघते. असेल तर आर्मेचर बदलून देते. हलका, प्लास्टिकचा, अॅल्युमिनियमच्या तारेचा असेल तर सरळ नाही म्हणते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो तो.

तांबं की अॅल्युमिनियम हे कसं ओळखायचं, ते शिकून घ्या. दोन्ही तारांवर इनॅमलचा थर असतो, त्यामुळे वरून दोन्ही तांबूसच दिसतात. तारेचं सुटं टोक ब्लेडने हलकं खरवडायचं. आतून लालसर चमकलं तर तांबं, पांढरं निघालं तर अॅल्युमिनियम. वाइंडिंग कुठेही करून घ्या, पण हे टोक आपल्यासमोर खरवडून दाखवायला सांगा. प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही.

पंख्याच्या बाबतीत माझं मत माझ्याच धंद्याच्या विरुद्ध जातं, पण खरं ते सांगते. पंखा हळू फिरत असेल, किंवा काठीने ढकलल्यावर सुरू होत असेल, तर जवळजवळ नेहमी कपॅसिटर गेलेला असतो. साध्या पंख्याला बहुतेक अडीच मायक्रोफॅरडचा लागतो, ६०-७० रुपयांत काम होतं. खरखर आवाज येत असेल तर बेअरिंग. हे दोन्ही डोळे झाकून दुरुस्त करा. वाइंडिंग जळलं असेल तर मात्र थांबा आणि हिशोब करा. साधा जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३०च्या आसपास. फरक ४५ वॅटचा. रोज १२ तास आणि वर्षातले ३०० दिवस पंखा चालला, तर वर्षाला १६२ युनिट वाचतात. आता तुमचं वीजबिल काढा आणि एकूण रक्कम युनिटांनी भागा. स्थिर आकार, वहन आकार सगळं धरून एक युनिट खरं कितीला पडतं ते कळेल. ते दहा रुपये धरलं तर वर्षाला १६०० रुपये झाले. वाइंडिंगला आम्ही ४५० घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीन हजारांत येतो. दिवसभर चालणाऱ्या हॉलमधल्या पंख्याचं वाइंडिंग करून द्यायला म्हणूनच माझं मन घेत नाही. देवघरातला किंवा पाहुण्यांच्या खोलीतला पंखा असेल तर आनंदाने करून देते, कारण तो चालतोच किती! बीएलडीसी घेताना एकच विचारा: आतलं सर्किट बोर्ड गेलं तर सुटं मिळतं का, आणि वॉरंटी किती वर्षांची?

फ्रिजवर जरा थांबून सांगते, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. "गॅस संपला" हे वाक्य ऐकलं की लगेच हो म्हणू नका. फ्रिजचा गॅस हा सिलेंडरमधल्या गॅससारखा वापरून संपत नाही; बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. म्हणून मेकॅनिकला विचारा, "गळती कुठे सापडली?" ती न शोधता नुसता गॅस भरला तर काही महिन्यांत पुन्हा तेच. जोडावर किंवा मागच्या उघड्या नळीला गळती असेल तर ब्रेझिंग करून, म्हणजे नळी झाळून, फिल्टर बदलून, व्हॅक्यूम काढून गॅस भरता येतो, आणि तो खर्च करण्यासारखा आहे. गळती कॅबिनेटच्या भिंतीत, पफच्या म्हणजे थंडावा धरून ठेवणाऱ्या फोमच्या आत असेल तर नवा फ्रिज बघा. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर ६००ए गॅस असतो, तो पेट घेतो. भरणाऱ्याला त्या गॅसची माहिती आहे ना, हे विचारून घ्या.

त्याआधी दोन गोष्टी घरीच करा. दाराच्या रबरात दहाची नोट ठेवून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघून आली तर तिथून थंडावा निसटतोय. रबर गरम पाण्याच्या फडक्याने पुसून, फुगवून बघा, नाहीतर बदला; ते जाण्यासाठीच असतं. दुसरं फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचं. वर फ्रीझरमध्ये बर्फ आणि खाली दूध नासतंय, असं असेल तर फ्रिज बंद करून दार उघडं ठेवून पूर्ण एक दिवस द्या. पुन्हा लावल्यावर चार-आठ दिवस व्यवस्थित चालून तेच झालं, तर बर्फ वितळवणारा हीटर, सेन्सर किंवा फ्यूज गेलाय. हे हजार-दीड हजाराचं काम आहे, कोणी कॉम्प्रेसर बदलायला सांगितला तर दुसऱ्याला दाखवा. कॉम्प्रेसरच गेला असेल तर वॉरंटी कार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरला दहा वर्षं देतात आणि लोक ते विसरून जातात. गॅस आणि मजुरी त्यात बहुतेक धरलेली नसते, हे मात्र लक्षात ठेवा. आणि जुना फ्रिज वीज किती खातो हे बघायचं असेल, तर गावाला जाताना बाकी सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवा आणि जाताना-येताना मीटर लिहून घ्या. नव्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्याच्याशी ताडून बघा.

गीझरमध्ये बोअरचं पाणी असेल तर एलिमेंटवर चुन्याची पांढरी खपली चढते, पाणी तापायला वेळ लागतो. एलिमेंट बदला, आणि त्याचबरोबर आतला मॅग्नेशियमचा रॉडही. तो रॉड टाकीऐवजी स्वतः गंजतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी तपासायचा असतो. हे फार थोड्या घरांत होतं. टाकीच गळायला लागली तर एमसील लावत बसू नका, गीझर बदला. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वापरणं त्या क्षणी बंद करा आणि घरची अर्थिंगसुद्धा तपासून घ्या. कित्येकदा गीझर बदलतात आणि झिणझिण्या तशाच राहतात.

वॉशिंग मशीन सेमी-ऑटोमॅटिक असेल तर मी बहुतेक हो म्हणते. स्पिनचं सील, ब्रेक, बेल्ट, कपॅसिटर सगळं मिळतं आणि हाताला येतं. फ्रंट लोडमधून पाणी बाहेर जात नसेल तर आधी खालचा फिल्टर उघडा. नाणी, केसांच्या पिना, लहान मुलांचे मोजे निघतात. ड्रम फिरताना विमानासारखा आवाज येत असेल तर बेअरिंग. बाहेरचा टब खोलता येणारा असेल तर करा. टब चिकटवून बंद केलेला असेल तर सगळा टबच घ्यावा लागतो आणि हिशोब बसत नाही.

टीव्हीला आवाज आहे पण चित्र नाही, तर अंधारात पडद्यावर टॉर्च मारा. फिकट चित्र दिसलं तर मागचे एलईडी गेलेत, दुरुस्त होतं. पडदा तडकला असेल तर सोडून द्या. मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडत असतील तर बाजूचा अभ्रकाचा पत्रा जळलाय, तो स्वस्तात मिळतो, पण बाहेरचं झाकण घरी कधीच उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याएवढी वीज उरलेली असू शकते.

हे सगळं मला नीट कळलं ते २०१९च्या ऑगस्टमध्ये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमचंही दुकान बुडालं. पाणी ओसरल्यावर रोज टेम्पो भरभरून चिखलाची यंत्रं यायची. पंप, मिक्सर, सेमी-ऑटोमॅटिक मशीन आम्ही स्वच्छ पाण्याने धुतली, उन्हात ठेवली. मग खोक्याखाली १०० वॅटचा बल्ब लावून दोन-दोन दिवस वाइंडिंग सुकवलं, मेगर नावाचं मीटर लावून तारांमधून वीज बाहेर गळत नाही ना ते तपासलं, वरून व्हार्निश दिलं आणि बेअरिंग सरसकट बदलली, कारण गाळ तिथेच जाऊन बसतो. त्यातली कितीतरी अजून चालतात. फ्रिजच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. पहिले पाच फ्रिज मी कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले बदलून, पुसून, चालू करून दिले. तीन आठवड्यांत पाचही परत आले. पफमध्ये मुरलेलं पुराचं पाणी खालून काळं होऊन ठिबकत होतं आणि स्वयंपाकघरात उभं राहवत नव्हतं. मोटर चालू होती, पण सांगाडा मेला होता. त्या पाच घरांचे पैसे मी परत केले. पुरात बुडालेला फ्रिज तेव्हापासून मी घेत नाही, आणि बुडालेलं काहीही कोरडं करून तपासल्याशिवाय प्लगला लावू नका असं प्रत्येकाला सांगते.

खर्चाचा माझा अंदाज असा: झिजणारा भाग असेल तर नव्या किमतीच्या निम्म्यापर्यंत दुरुस्ती करायला हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक बोर्ड असेल तर एक तृतीयांशच्या पुढे जाऊ नका, कारण व्होल्टेज वरखाली होणाऱ्या घरात ते पुन्हा जाऊ शकतं. कंपनी सुटे भाग देत नसेल किंवा टाळाटाळ करत असेल, तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. २४ डिसेंबर २०२२ला केंद्र सरकारने राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, तिथे बऱ्याच कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती एकत्र मिळते. आणि यंत्र टाकायचंच ठरलं तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. भंगारवाला फ्रिजची नळी सरळ कापतो आणि सगळा गॅस हवेत जातो.

दुकानात येताना मिक्सरबरोबर भांडी आणि झाकणंही आणा, कारण अर्ध्या वेळा दोष भांड्यातच असतो. मागच्या स्टिकरचा, मॉडेल नंबर वाचता येईल असा फोटो काढून ठेवा. बंद पडायच्या आधी आवाज कसा येत होता, वास आला का, तेव्हा लाइट गेली-आली होती का, हे आठवून सांगा. आणि काम झाल्यावर बदललेला जुना भाग मागून घ्या. मी तो न मागता पिशवीत घालून देते.