भिशीला जगाचा हिशेब घ्यायचा असेल तर

बडोद्याच्या दांडिया बाजारातली आमची भिशी बावीस वर्षांची. चिठ्ठी निघाली की पूर्वी नुसत्या सुनांच्या तक्रारी चालायच्या. हल्ली दर महिन्याला एक विषय घेतो. श्रीमंत देश गरीब देशांचं काही देणं लागतात का, हा विषय मी दोनदा घेतला. पहिल्या वेळी पार फसला. "अमेरिकेने द्यायलाच हवं" आणि "आधी त्यांचे पुढारी सुधारा" ही दोन वाक्यं दीड तास एकमेकांवर आपटत राहिली आणि वडे गार झाले. तुमच्या गटात घेणार असाल तर माझ्या चुका तरी करू नका.

मी बँकेत कर्ज विभागात एकतीस वर्षं काढली. कुठलीही स्लिप हातात आली की पहिला प्रश्न एकच: कुठल्या खात्याला टाकू? तोच इथे विचारा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: दान, देणं, नियम. कुणी "द्यायला हवं" म्हणालं की लगेच विचारायचं, दया म्हणून, पूर्वी घेतलं म्हणून, की व्यवहाराचे नियमच वाकडे आहेत म्हणून? निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण दोघी वेगवेगळ्या खात्यांबद्दल बोलत असतात.

सुरुवात तत्त्वज्ञ पीटर सिंगरच्या उदाहरणाने करा. उथळ डबक्यात मूल बुडतंय, तुम्ही उतरलात तर फक्त कपडे चिखलाने भरतील. उतरायचं की नाही? सगळे हो म्हणतात. मग तो विचारतो, मूल दूर देशात असलं तर उत्तर का बदलावं? एक खबरदारी: डबकंच म्हणा. मी हौसेने आपली विश्वामित्री नदी म्हणाले आणि एक काकू पटकन म्हणाल्या, "अगं, तिथे मगरी आहेत!" पुढची वीस मिनिटं मगरींवर. सुरसागर तलावही नको, तो खोल आहे. आपलं नुकसान क्षुल्लक असतानाही आपण हात आखडतो, हा त्याचा मुद्दा. धोका आला की मुद्दा बुडतो. त्याने हे १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये लिहिलं, पूर्व बंगालचे निर्वासित लाखोंनी आपल्याकडे येत होते तेव्हा. ऑस्ट्रेलियाने त्यांच्यासाठी दिलेली मदत सिडनीच्या नव्या ऑपेरा हाऊसच्या खर्चाच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी आहे, असा टोमणाही त्यात आहे. आमच्यातल्या दोघींना ते निर्वासित आठवत होते, त्यामुळे हा भाग कोरडा राहिला नाही.

"आधी घरचं बघा" हे वाक्य येणारच. त्याला हसू नका, त्यामागे मोठी माणसं उभी आहेत. तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये असमानतेची कसोटी सांगितली, की तिने सगळ्यात खालच्या माणसाचं भलं व्हायला हवं. पण ती एका समाजापुरती. १९९९ मध्ये देशांबद्दल लिहिताना तो म्हणाला, खचलेल्या समाजाला स्वतःचा कारभार नीट चालवता येईल इथवर मदत करा, पुढे नाही. त्याच विषयातल्या चार्ल्स बाइट्झने १९७९ मध्येच विचारलं होतं, तेल कुणाच्या जमिनीखाली निघालं यात कुणाचं कर्तृत्व? मग कसोटी साऱ्या जगाला का लावायची नाही? एवढं सांगून पुढे चला, इथे रेंगाळलात तर गट पेंगतो.

दुसऱ्या रकान्याला दादाभाई नौरोजी हाताशी आहेतच. १८७४ मध्ये ते आपल्याच बडोद्याचे दिवाण होते. पगार, पेन्शनी आणि विलायतेतले खर्च यांच्या नावाने हिंदुस्थानचा पैसा दरसाल बाहेर जातो आणि परत येत नाही, हे त्यांनी आयुष्यभर आकडे मांडून सांगितलं. पण इंग्रजांचं नाव निघालं की सगळ्यांचं एकमत होतं आणि चर्चा मरते. म्हणून मी कॅरिबियन बेटांतला हैती घेते. तिथल्या गुलामांनी फ्रान्सशी लढून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी. म्हणजे सुटलेल्यानेच मालकाला भरपाई द्यायची! १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, पण ती भरायला काढलेल्या कर्जांचा ससेमिरा १९४७ पर्यंत सुटला नाही. हे ऐकून आमच्या सगळ्यात अबोल मावशी म्हणाल्या, "मग थकबाकीदार कोण?" तुमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारेपर्यंत तुम्ही गप्प बसा.

तिसरा रकाना माझा आवडता. तत्त्वज्ञ थॉमस पोगे म्हणतो, श्रीमंत देशांचं पाप नुसतं मदत न करण्याचं नाही, ते हानी करणारे नियम चालवतात. हे असं समजवा. समजा एक माणूस कुलूप फोडून शेजाऱ्याच्या घरात घुसला आणि दुसऱ्या दिवशी तेच घर गहाण टाकायला माझ्या टेबलासमोर बसला. मी काय विचारणार? टायटल क्लिअर आहे का, दस्त कुणाच्या नावाचा आहे? कर्ज मंजूर केलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि हप्ते मूळ घरमालकाकडून वसूल करा असं तर वेडासुद्धा म्हणणार नाही. देशांच्या बाबतीत नेमकं हेच चालतं. बंदुकीच्या जोरावर खुर्ची बळकावणाऱ्यालाही देशाच्या नावाने कर्ज काढता येतं, देशाची खनिजं विकता येतात, आणि जग ते कायदेशीर मानतं. झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, हुकूमशहा मोबुटू १९६५ पासून १९९७ पर्यंत बसला होता. तो गेला, कर्ज लोकांच्या बोडक्यावर राहिलं. म्हणजे खुर्ची बळकावायला ही वर बक्षिशी. "त्यांचे पुढारी सुधारा" म्हणणाऱ्या काकू इथे पहिल्यांदा थांबल्या.

आकड्यांपैकी एकच हाताशी ठेवा. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवलं. बहुतेकांनी ते कधीच गाठलं नाही. आणि वडे चर्चेनंतर. आधी दिले तर पहिल्या रकान्यातच सगळ्या सुस्तावतात.

एक पूर्वसूचना. वही बंद करता करता कुणीतरी तुमच्या घरात शिरणार. माझी मुलगी इथल्याच विद्यापीठात इंजिनियर झाली, वर्षाची फी माझ्या एका पगारात बसायची. आता ती टोरांटोत असते आणि कर तिकडे भरते. "ताई, हे कुठल्या खात्यात?" खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवतींनी १९७० च्या दशकात सुचवलं होतं की परदेशी गेलेल्या शिकलेल्या लोकांच्या मिळकतीवर कर लावून तो गरीब देशांकडे वळवावा. मीच ते हौसेने वाचून दाखवलं होतं.

रात्री मुलीला फोनवर सांगितलं. "आई, मी दर दिवाळीला पैसे पाठवते ना?"

"ते पहिल्या रकान्यात जातं," मी म्हटलं.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, त्या भगवतींचं नाव नीट लिहून पाठव.