चेतापेशींच्या जोडणीचे प्रमाणबद्ध चित्र कसे काढावे

सांगली-मिरजेत बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांनी पेशीसांगाडा घडवणाऱ्या प्रथिनांची नावे नुसती पाठ करण्यापेक्षा एक मोठा ड्रॉइंग पेपर घ्यावा आणि १ मायक्रोमीटरला १० सेंटिमीटर असे प्रमाण धरून डेंड्राइटवरचा, म्हणजे चेतापेशीच्या संदेश घेणाऱ्या फांदीवरचा, एकच काटा, म्हणजे स्पाइन, काढावा. त्याचे डोके साधारण ५ सेंटिमीटर रुंद आणि मान दीड सेंटिमीटर रुंद ठेवावी. समोरच्या चेतापेशीचे टोक मात्र डोक्यापासून अवघ्या २ मिलिमीटरवर येते, कारण दोन पेशींमधली फट सुमारे २० नॅनोमीटरचीच असते. पेशीसांगाड्यातील ॲक्टिन या प्रथिनाचा धागा ७ नॅनोमीटर जाडीचा असल्याने त्यासाठी साध्या बॉलपेनची रेघ पुरेशी आहे.

धाग्यांची वाढती टोके पेशीच्या पटलाकडे, म्हणजे बाहेरच्या आवरणाकडे, ठेवावीत. आर्प २/३ हा प्रथिनसमूह जुन्या धाग्यातून नवा फाटा साधारण ७० अंशांत फोडतो, म्हणून येथे कोनमापक वापरावा. काटकोनी फांद्या काढल्या, तर पटलाला पुढे रेटणारी जाळी चित्रात उमटतच नाही.

सर्वांत जास्त वेळ कोफिलिन या प्रथिनाला द्यावा. ते ॲक्टिनचा धागा तोडते, एवढ्यावरून त्याला विध्वंसक ठरवले जाते आणि तेथेच सारा विषय हातचा निसटतो. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे सांगावे लागणार नाही, कारण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटणाऱ्या काड्यांवरच त्याचे पुढचे पीक अवलंबून असते. त्याचप्रमाणे तुटलेल्या धाग्याला नवी टोके मिळतात आणि तेथून ॲक्टिनची वाढ पुन्हा सुरू होते.

यानंतर शेजारी त्याच काट्याची आणखी दोन चित्रे काढावीत. पहिल्यात एनएमडीए ग्राहकांतून, म्हणजे संदेश आल्यावर उघडणाऱ्या पटलावरील प्रथिनांच्या दारांतून, कॅल्शियम जोराने आत येते; सुरुवातीला कोफिलिन नवी टोके तयार करते, पुढे लिम-कायनेज हे विकर कोफिलिनच्या तिसऱ्या स्थानावरील सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडून त्याची तोडणी थांबवते आणि डोके मोठे होऊन जोडणी बळावते. दुसऱ्यात कॅल्शियम थोडेथोडे, पण बराच वेळ येत राहते. तेव्हा कॅल्सिन्युरिन या विकरापासून सुरू होणाऱ्या साखळीने कोफिलिनवरचे फॉस्फेट निघते, तोडणी चालूच राहते आणि काटा आकसतो.

प्रत्येक चित्राखाली संदेश आल्यानंतरची वेळ अवश्य लिहावी, कारण काट्यातील बहुतांश ॲक्टिन साधारण मिनिटाभरात बदलले जाते आणि वेळेवाचून कोफिलिनचे काम नेमके कोणते, हे चित्रावरून ठरवता येत नाही.