लडाखमध्ये टेंट टाकण्याआधी नाला कसा बघायचा

"नाल्यापासून लांब टेंट लावा" हा सल्ला सह्याद्रीत चालून जातो, लडाखमध्ये त्याच्या भरवशावर झोपू नका. लेहला वर्षाला जेमतेम 100 मिमीच्या आसपास पाऊस, म्हणून सगळ्यांना वाटतं इथे कसला आलाय पूर. 5 ऑगस्ट 2010 च्या रात्री ढगफुटी झाली तेव्हा लेहच्या पर्जन्यमापकात फक्त 13 मिमीच्या आसपास पाऊस मोजला गेला, आणि तिकडे लेहजवळच्याच चोगलमसरमध्ये घरंच्या घरं चिखलाखाली गेली, सगळीकडे मिळून दोनशेच्या वर माणसं गेली. त्यामुळे वेदर ॲप बघून निर्धास्त होऊ नका.

निघायच्या आधी गूगल अर्थवर नाला वरपर्यंत बघा, किती उभा आहे, वर हिमनदीचं तळं आहे का. ग्या गावात 2014 ला असं तळं फुटूनच पूर आला होता.

आता खरी गोम. नाला घळीतून मोकळ्यावर येतो तिथे दगडमातीचा पंख्यासारखा उतार पसरलेला असतो. गाव, शेती, कॅम्पसाइट सगळं त्याच्यावरच, कारण बरी जागा तेवढीच. पहिल्या वर्षी मी पण तिथेच फसलो. नाला एका कडेला, आम्ही दुसऱ्या कडेला दोनशे पावलं लांब, एकदम खूश. शेजारच्या घरातले मेमे-ले म्हणजे आजोबा काठी टेकत आले, टेंटमागचा फ्रिजएवढा धोंडा दाखवला आणि म्हणाले, "ये कौन लाया?"

तो अख्खा उतारच लोंढ्यांनी बनलाय हो! एक वाट दगडांनी तुंबली की पुढचा लोंढा दुसरीकडून उतरतो, म्हणजे आज कोरडी आहे ती कड उद्याची वाट असू शकते. नाल्याने काठ कापलाय तिथे जाऊन बघा. साध्या पाण्याने आणलेले दगड थराथरात, साधारण साइजप्रमाणे बसलेले दिसतात. चिखलाच्या लोंढ्यात मात्र मोठाले धोंडे बारीक मातीत अधांतरी अडकलेले असतात, शिऱ्यातल्या काजूसारखे. जमिनीवर शेताच्या बांधासारख्या दगडांच्या दोन रांगा दिसल्या तर त्यांच्या मधून लोंढा गेलाय, तिथे टेंट लावायचाच नाही, कितीही सपाट असो. दगडाचा रंगही बघा, वाळवंटात खूप वर्षं पडून राहिलेला दगड काळपट पडतो, मधेच फिकट ताज्या धोंड्यांचा पट्टा दिसला तर ते अलीकडचं काम. पॉपलरच्या झाडांची साल वरच्या अंगाला सोललेली असेल तर किती उंचीपर्यंत ते बघा, तुमचा टेंट तेवढाच असतो.

आणि कॅम्पवाला म्हणेल, दहा वर्षांत इथे काही झालं नाही. दहा वर्षं म्हणजे काहीच नाही, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

टेंट उताराच्या बाहेर, उंचवट्यावर, वरून दगड येत नाहीत ना ते बघून. गाडी नाल्यात नको. दुपारनंतर पाणी थोडं वाढतं ते बर्फ वितळल्याचं, त्याला घाबरू नका. पण पाणी अचानक आटलं, एकदम गढूळ झालं किंवा वरून ट्रक आल्यासारखी घरघर ऐकू आली तर नाल्याच्या दिशेने खाली पळू नका, नाल्याला आडव्या दिशेने जाऊन कडेच्या चढावर चढा, सॅक राहू दे तिथेच. बूट आणि हेडटॉर्च मी रात्री उशाशीच ठेवतो.