इंग्लंडमधील स्थलनामाचा उगम कसा शोधावा : 'यॉर्क'च्या आधारे

इंग्लंडमधील एखाद्या गावाच्या नावाचा अर्थ शोधायचा असेल, तर आजचे नाव घेऊन इंग्रजी शब्दकोश उघडण्यापासून सुरुवात करू नये. तिथली पुष्कळशी नावे केल्टिक (ब्रिटनमधील मूळच्या लोकांच्या भाषा), लॅटिन, जुनी इंग्रजी (अँग्लो-सॅक्सन लोकांची भाषा), नॉर्स (व्हायकिंगांची भाषा) आणि नॉर्मन फ्रेंच अशा अनेक भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडी घासत आजच्या रूपाला आलेली आहेत. उत्तरेकडील यॉर्क या शहराचे नाव त्याचा उत्तम नमुना आहे.

प्रथम नावाची जुनी लिखित रूपे गोळा करून ती कालक्रमाने मांडावीत. बहुतेक खेड्यांसाठी 1086 साली इंग्लंडचा नॉर्मन राजा विल्यम पहिला याने करविलेली जमीन-महसुलाची पाहणी, म्हणजे डूम्सडे बुक, हा भरवशाचा आरंभबिंदू ठरतो. मात्र तिच्यातील नावे नॉर्मन वळणाच्या कारकुनी हाताने उतरलेली आहेत, हे ध्यानात ठेवावे. यॉर्कचे भाग्य असे, की त्याची रूपे त्याहून पुष्कळ मागे जातात. दुसऱ्या शतकात भूगोलकार टॉलेमीने 'एबोराकोन' लिहिले, इसवी सन 71 च्या सुमारास तिथे तळ उभारणाऱ्या रोमन लोकांनी 'एबोराकुम' म्हटले, अँग्लो-सॅक्सन काळात 'एओफोरविक' झाले, नॉर्स लोकांनी 'योर्विक' केले आणि डूम्सडेमध्ये 'एउरुइक' आले.

आता प्रत्येक रूप त्याच्या त्याच्या भाषेत वाचावे. सगळ्यांत अधिक वेळ इथेच द्यावा. बहुतेक अभ्यासकांच्या मते मूळ केल्टिक शब्द यू या सदाहरित वृक्षाचा वाचक आहे, म्हणजे नावाचा अर्थ 'यू वृक्षांचे ठिकाण', किंवा त्याच शब्दावरून नाव पडलेल्या कुणा एबुरोसची जमीन. अँग्लो-सॅक्सन लोकांना हा शब्द कळेना. त्यांच्या कानाला तो 'एओफोर', म्हणजे रानडुक्कर, यासारखा लागला. त्या शब्दाच्या शेवटी त्यांनी 'विक' जोडले, ज्याचा अर्थ वस्ती किंवा व्यापारी पेठ, आणि झाडांचे गाव रानडुकरांची पेठ बनले. परका शब्द ओळखीच्या शब्दात बसवण्याची ही लोकव्युत्पत्ती नावाच्या इतिहासाचाच भाग असते, म्हणून ती चूक समजून टाकून देऊ नये. फक्त ती कोणत्या शतकात घडली, ते नोंदवावे.

त्यानंतर लावलेला अर्थ जमिनीवर तपासावा. 866 मध्ये शहर जिंकणाऱ्या व्हायकिंगांच्या भाषेत 'योर' म्हणजे घोडा आणि 'विक' म्हणजे खाडी. तेव्हा 'घोड्यांची खाडी' असा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण यॉर्क समुद्रापासून दूर, ऊझ आणि फॉस या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे, तिथे खाडी कुठली? त्यांनी ऐकलेले इंग्रजी नाव आपल्या उच्चारात घेतले, एवढेच यातून निघते. हेच योर्विक पुढे आखडत 'यॉर्क' झाले.

शहराच्या नावाबरोबर रस्त्यांची नावेही पाहावीत, कारण तिथे जुनी भाषा अधिक टिकते. यॉर्कमध्ये 'गेट' म्हणजे दरवाजा नव्हे, तर नॉर्स 'गाता', अर्थात रस्ता. तटाच्या वेशीला तिथे 'बार' म्हणतात. म्हणून मिकलगेट हा 'मोठा रस्ता' आणि मिकलगेट बार ही त्या रस्त्यावरची वेस. कॉपरगेट हे नाव तर फारच शिकवणारे आहे. ते वाचून तांबट आळी आठवेल, पण त्याचा तांब्याशी संबंध नाही. ते लाकडी प्याले करणाऱ्यांवरून पडले आहे, म्हणजे ती खरी कातारी आळी. 1976 ते 1981 या काळात तिथे उत्खनन झाले, तेव्हा ओल्या मातीत टिकून राहिलेले, वाट्या-प्याले कातल्यावर उरणारे लाकडी गाभे सापडले. नावाचा अर्थ आणि जमिनीखालचा पुरावा इतका नेमका जुळणे विरळाच.

शेवटी, तेच नाव दुसऱ्या कुठे जुन्या रूपात उरले आहे का, ते पाहावे. यॉर्कचे आर्चबिशप आजही सहीत 'एबोर' लिहितात. वेल्श या केल्टिक भाषेत तर इंग्रजी आणि नॉर्स वळणे न घेता केल्टिक रूपच 'एव्रोग' होऊन चालत आले आहे. 1664 मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कच्या सन्मानार्थ नाव मिळालेल्या न्यूयॉर्कलाही वेल्श माणूस 'एव्रोग नेविद' म्हणतो.