अनोळखी शास्त्रीय शब्द शेपटीकडून वाचा

रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात येतो आणि त्यात ‘थ्रॉम्बोसायटोपीनिया’ असा आगगाडीएवढा शब्द दिसतो. सुरुवातीपासून वाचायला गेलं तर मध्येच अडखळायला होतं. तो शेवटून सोडवावा. ‘पीनिया’ म्हणजे कमतरता, ‘सायटो’ म्हणजे पेशी, ‘थ्रॉम्बो’ म्हणजे गुठळी. गुठळी धरणाऱ्या पेशी कमी, अर्थात प्लेटलेट कमी. मोठ्या माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण १.५ ते ४.५ लाख असतात. डेंगीच्या दिवसांत घरोघर विचारला जातो तो हाच आकडा. शेपूट बदलून ‘थ्रॉम्बोसायटोसिस’ झालं की अर्थ उलटतो: प्लेटलेट जास्त.

म्हणून आधी शेपट्या पाठ करायच्या. ‘आयटिस’ म्हणजे दाह. हेपटायटिस यकृताचा, नेफ्रायटिस मूत्रपिंडाचा. ‘ईमिया’ आलं की गोष्ट रक्ताची. शस्त्रक्रियेच्या तीन शेपट्या तर कागदावर लिहून शेजारी शेजारी ठेवाव्यात: ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ऑटमी’ म्हणजे छेद घेणं, ‘ऑस्टमी’ म्हणजे नवं तोंड तयार करणं. कोलेक्टमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात. कोलोस्टमीत ते पोटाच्या त्वचेवर उघडून मलाला वाट करून देतात. ऐकायला फरक एवढासा, पण रुग्णाची पुढची रोजची देखभाल त्यावर ठरते.

शेपटीनंतर डोकं बघावं. ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘हायपर’ म्हणजे जास्त. फोनवर तो शेवटचा ‘र’ सहज गळतो आणि हायपरग्लायसीमियाचा हायपोग्लायसीमिया होतो. एकात साखर वाढलेली, दुसऱ्यात उतरलेली, आणि उपचार अगदी उलटे. त्यामुळे हे शब्द कधीही एकटे बोलू नयेत. ‘हायपो, साखर कमी, ५५’ असं अर्थ आणि आकड्यासकट सांगावं. ‘हायपोनेट्रीमिया’त नेट्रियम आहे, म्हणजे सोडियम, ‘हायपरकलीमिया’त कॅलियम, म्हणजे पोटॅशियम. या दोन मूलद्रव्यांच्या संज्ञा ‘एनए’ आणि ‘के’ का, हेही इथेच कळतं.

आता उच्चार. ग्रीक शब्दाच्या सुरुवातीला पी आणि त्याला लागून एस, एन किंवा टी असेल, तर तो पी बोलायचा नाही: सोरायसिस, न्युमोनिया, टोसिस (वरची पापणी खाली ओघळणं), टेरिजियम. हाच पी शब्दाच्या मध्ये आला की वाजतो. हेलिकॉप्टर हा शब्द ‘हेलिको’ (मळसूत्र) आणि ‘टेरॉन’ (पंख) यांचा. तिथे ‘प’ स्पष्ट ऐकू येतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणाऱ्या पंखाच्या आकाराच्या वाढीला टेरिजियम म्हणतात, तो याच पंखाच्या कुळातला. सुरुवातीचा एक्स ‘झ’ होतो. ‘झेरॉस’ म्हणजे कोरडा, त्यावरून कोरड्या छपाईचं झेरॉक्स आणि ‘अ’ जीवनसत्त्वाअभावी डोळे कोरडे पडण्याचा झेरॉफ्थॅल्मिया. यात ‘फ’ आणि ‘थ’ दोन्ही म्हणावेत. ‘प्थ’ ही सर्रास होणारी चूक आहे.

मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हणतो, आणि नेमकी इथे गडबड होते. अक्षरं बरोबर असूनही ऐकणाऱ्याला शब्द ओळखू येत नाही. जोर कुठे द्यायचा हेही शेपूटच सांगते: ‘आयटिस’मध्ये ‘आय’वर, ‘ओसिस’मध्ये ‘ओ’वर, ‘ईमिया’मध्ये ‘ई’वर. ‘लजी’ असेल तर तिच्या लगेच आधीच्या अक्षरावर, म्हणजे कार्डिऑलजीत ‘ऑ’वर.

मराठी जिभेची एक मोठी सोयही आहे. आपल्याकडे ‘च’ आणि ‘ज’ दोन-दोन आहेत. ‘चूल’ म्हणताना जीभ जिथे टेकते, तिथूनच जपानी ‘त्सुनामी’ सुरू करावी. ‘त्सु’ म्हणजे बंदर, ‘नामी’ म्हणजे लाट. डिस्फेजिया (गिळायला त्रास) म्हणताना ‘जीवन’मधला ‘ज’. डिस्फेझिया (मेंदूच्या इजेमुळे भाषा वापरताना अडचण) म्हणताना ‘जरा थांब’मधल्या ‘ज’ची जागा, पण जीभ टेकू न देता. दोन्ही त्रास पक्षाघातानंतर होऊ शकतात, तेव्हा इथे घोटाळा परवडत नाही. ‘इलियम’पुढे मात्र जीभही हरते: लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड, दोघांचा उच्चार एकच. स्पेलिंगमध्ये एलनंतर ई असेल तर आतडं, आय असेल तर हाड.

शब्द ग्रीक-लॅटिन नसेल तर हे तोडणं सोडून द्यावं आणि मूळ भाषा शोधावी. चिकुनगुन्याचा कोंबडीशी काही संबंध नाही. टांझानियाच्या दक्षिणेकडच्या माकोंडे भाषेतला हा शब्द. सांधेदुखीने माणूस वाकतो, त्यावरून पडलेला. तिथे १९५२ मध्ये साथ आली तेव्हा हा आजार प्रथम ओळखला गेला. ‘चिकन गुनिया’ असं तोडून लिहिल्यानेच चिकन खाण्याची भीती पसरते. तोडायचंच तर चि-कुन-गुन्-या.

भूगोलातही हाच नियम. नॉर्वेच्या ‘फ्योर्ड’ (डोंगरांत शिरलेली अरुंद खाडी) आणि आइसलंडच्या ‘रेक्याविक’ यांच्या स्पेलिंगमधलं ‘जे’ हे अक्षर ‘य’ वाचायचं. ‘डेक्कन ट्रॅप’ (दख्खनचा लाव्ह्यापासून बनलेला काळा पाषाण) यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, तो पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सह्याद्रीचा कडा समोरून पाहिला की लाव्ह्याच्या थरांच्या त्या पायऱ्या दिसतातच. याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारं झिओलाइट हे खनिज म्हणजे ‘उकळणारा दगड’. तापवल्यावर त्यातून वाफ निघताना पाहून क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने १७५६ मध्ये हे नाव ठेवलं.

नवा शब्द वहीत घेताना आधी मूळ स्पेलिंग लिहावं, खाली देवनागरीत तुकडे पाडावेत आणि जोराच्या अक्षराखाली रेघ ओढावी. मग शब्दकोशातलं ध्वनिमुद्रण ऐकून रेघ तपासावी. औषधाचं नाव मात्र देवनागरीत उतरवून दुकानात नेऊ नये; तिथे डॉक्टरांची मूळ चिठ्ठीच दाखवावी.