टाइम ब्लॉकिंग: आखणं सोपं, मोडल्यावर काय?

मी कोथरूडला घरी बसून भाषांतराचं काम करते आणि गेली सहा वर्षं दिवस चौकटींत आखते, म्हणजे कुठल्या वेळात कुठलं काम हे आधीच ठरवून ठेवते. या विषयावरचे बहुतेक सल्ले पहाटे पाचला उठण्यापासून सुरू होतात. पाचला उठायची काही गरज नाही.

आखणी आदल्या रात्री, दहा मिनिटांत. पाठकोरा कागद, डावीकडे वेळा, समोर कामं. पेन्सिलच घ्या, कारण खोडावं लागणार आहे. डोक्याचं काम डोकं ताजं असताना. माझं नऊ ते साडेदहा. मेल, बिलं, बँक हे सगळं जेवणानंतरच्या एका चौकटीत. फोन दुसऱ्या खोलीत.

मी आपटले ते यापुढे. पहिल्यांदा सकाळी सात ते रात्री नऊ असा दिवस ठासून भरला होता, चहालासुद्धा पंधरा मिनिटांची चौकट! सव्वादहाला सिलिंडर आला, मागोमाग सोसायटीचा पंप बंद पडला. बारापर्यंत दोन चौकटी बुडाल्या. मग मी सगळी कामं तेवढीच खाली सरकवली. रात्री नऊचं काम अकरावर गेलं, आणि अकराला कोण करतंय? चार दिवसांत वही कपाटात.

चुका दोन होत्या. एक म्हणजे अंदाज. दहा पानांना दोन तास लिहिले होते, लागले तीन तास दहा मिनिटं. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं: मागच्या वेळी किती वेळ लागला होता हे विसरून, सगळं सुरळीत होईल असं धरून आपण हिशेब करतो. म्हणून आधी एक आठवडा काहीच आखू नका. प्रत्येक कामापुढे सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ तेवढी टिपा. माझा अंदाज कायम दीडपटीने चुकतो, तर मी सरळ दीडपटच लिहिते. डेक्कनला जाऊन यायचं असेल तर गाडी लावायला जागा शोधण्याचा वेळही धरा.

दुसरी चूक, रिकामी जागा न ठेवणं. रोज पाऊण तासाच्या दोन चौकटी कोऱ्या सोडा, एक जेवणाआधी, एक पाचच्या सुमारास. त्यात आधीपासून काहीही लिहायचं नाही, 'वाचन' पण नाही. पुण्यातल्या 'दुपारी १ ते ४ बंद' या पाटीची लोक चेष्टा करतात. मला त्या दुकानदारांचं आता पटतं.

तरीही दिवस मोडलाच, तर सरकवायचं नाही. आत्ताच्या घड्याळापासून खालचं सगळं खोडा आणि उरलेल्या तासांपुरतंच पुन्हा आखा. एक काम उद्यावर जाईल. कुठलं, ते तिथल्या तिथे ठरवा. तेच काम सलग तीन दिवस उद्यावर जात असेल तर त्याचे तुकडे करा, नाहीतर ते करायचंच नाही हे कबूल करा.

फ्रान्चेस्को चिरिलोच्या पोमोडोरो पद्धतीत २५ मिनिटं काम केलं की घंटा वाजते आणि थोडी विश्रांती घ्यायची. बिलं लावायला ठीक. भाषांतरात तेवढ्यात वाक्याची लय जेमतेम सापडलेली असते, त्यामुळे माझी चौकट दीड तासाची.

आणि गुरुवार वेगळा आखायचा. आमच्याकडे त्या दिवशी बऱ्याचदा दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा सकाळची चौकट छापील पानं तपासायला.